मोकलांचं छातीचं ऑपरेशन

धनेश मोकलने रजेच्या अर्जात एकही खोटा शब्द लिहिला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुरूडच्या एका सरकारी कार्यालयात तो जमीन मोजणीचे कागद सांभाळायचा आणि शब्द तोलून लिहिण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. 'वहिवाट' आणि 'मालकी' या दोन शब्दांतल्या फरकावरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली त्याने टेबलापलीकडून पाहिली होती. म्हणून अर्जही त्याने तसाच तोलून लिहिला : 'माझ्या छातीवरील शस्त्रक्रियेकरिता तीन आठवड्यांची रजा मंजूर व्हावी.' छाती खरी, शस्त्रक्रिया खरी, आठवडेही खरे. फक्त आतला तपशील गाळलेला होता. तो तपशील लायपोसक्शन असा होता.

कार्यालय अधीक्षक कमळ मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच धनेशला म्हणाल्या, "बसा."

"मॅडम, तसं काही मोठं नाही," धनेश म्हणाला.

"बोलू नका. दम लागेल," मॅडम म्हणाल्या आणि पंखा तीनवर केला.

तो टेबलापर्यंत परत पोचायच्या आत अख्ख्या कार्यालयाला कळलं होतं, की मोकलांच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. दुपारच्या चहापर्यंत त्या चार झाल्या.

आता पुरुषमाणसाला छातीचं लायपोसक्शन कशाला, असं कोणी विचारेल. धनेशचं बाकीचं अंग सडपातळ होतं, पण वयाच्या तेराव्या वर्षापासून छातीवर नको तेवढं मांस साठलेलं. त्याने दंड काढले, पळून पाहिलं, दोन वर्षं भात सोडला. त्याने पोट गेलं, गाल गेले, छाती जागच्या जागी राहिली. मग त्याने छातीशी फाईल धरून चालायची सवय लावून घेतली. लोकांना वाटायचं, माणूस कामाचा आहे. अशी तीस वर्षं निघाली. पण गेल्या डिसेंबरात कार्यालयाची सहल जंजिऱ्याला गेली, होडीत एक लाट अंगावर आली, पांढरा शर्ट भिजला आणि नेमका त्या क्षणाचा फोटो ग्रुपवर पडला. त्याखाली कोणी एक अक्षरही लिहिलं नाही. नुसते हसरे चेहरे. धनेशने ते मोजले. अकरा होते.

आठ दिवस तो रोज तो फोटो उघडून बघत होता. शेवटी त्याची बायको रुचिता म्हणाली, "एवढं सलतंय तर डॉक्टरला दाखवा. नाही तर फोटो तरी पुसून टाका. दोन्ही न करता नुसते बसू नका."

रुचिता शाळेत गणित शिकवायची. घरातही तिला उत्तर न काढता सोडलेलं उदाहरण चालत नसे. पनवेलच्या प्लास्टिक सर्जनचा नंबर तिनेच काढला, वेळ तिनेच घेतली आणि तपासणीच्या खोलीत धनेश शर्टाची बटणं काढेना, तेव्हा शांतपणे खिडकीबाहेर बघत तीच म्हणाली, "डॉक्टरांनी रोज चार बघितल्या असतील. तुमची पाचवी."

डॉक्टर प्रणाली वयाने तरुण आणि बोलायला रोखठोक होत्या. "हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही," त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. "काट्यावर एखाद किलोचा फरक दिसला तर दिसला. बारीक छिद्रं पाडून नळीने चरबी ओढून घेऊ. खाली कडक गाठ आहे, तीही काढू. पूर्ण भूल द्यावी लागेल. दुसऱ्या दिवशी घरी."

"म्हणजे दुसऱ्या दिवशी चांगला दिसेन?"

"दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रकने उडवल्यासारखे दिसाल. पहिले दोन दिवस पट्ट्यांतून गुलाबी पाणी झिरपेल, घाबरायचं नाही. पंधरा दिवस आताच्यापेक्षा फुगलेले असाल. अंग आधी जांभळं, मग हिरवं, मग पिवळं होईल. मधेच बधिर वाटेल, मधेच मुंग्या येतील. सहा आठवडे घट्ट जॅकेट घालायचं, झोपतानासुद्धा. पण लगेच चालायला लागायचं, नाही तर पायात रक्त गोठायची भीती. महिनाभर जड काही उचलायचं नाही. तीन महिन्यांनी आरशात बघा. त्याआधी बघितलंत आणि मला फोन केलात, तर मी उचलणार नाही."

धनेशने हे सगळं मोजणीच्या नोंदीसारखं वहीत उतरवून घेतलं. घाबरट माणसं बरीच असतात, पण घाबरत घाबरत सही करणारी थोडी. धनेशने संमतीपत्रावर सही केली तेव्हा हात इतका थरथरत होता, की 'मोकल'चं 'मोकाल' झालं, आणि सवयीप्रमाणे त्याने ती दुरुस्ती बाजूला पुन्हा सही करून प्रमाणित केली.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. परतीचा प्रवास मात्र ठरल्याप्रमाणे झाला नाही, कारण पनवेल ते मुरूड या रस्त्याच्या नियोजनात छाती सोललेल्या माणसाचा विचार कोणी केलेला नाही. पहिल्या खड्ड्याला धनेशने दात आवळले, दुसऱ्याला डोळे मिटले, आणि पेणच्या अलीकडे रुचिताने गाडी थांबवून दुकानातून एक उशी घेतली आणि त्याला छातीशी कवटाळून धरायला दिली. तेवढ्याने बराच आराम पडला. पण हृदयाच्या ऑपरेशननंतरही पेशंटला अशीच उशी कवटाळायला देतात, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सोसायटीतल्या लोकांना होतं.

गेटपाशी पहिल्या मजल्यावरचे इसहाकभाई उभे होते. तीस वर्षं कुवेतच्या बंदरावर क्रेन चालवून परतलेला हा उंच, रुंद खांद्यांचा माणूस. गेल्या पावसाळ्यात जिन्यात त्यांच्या छातीत कळ आली होती आणि मुंबईच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. तेव्हापासून ते तारखा पुढे ढकलत होते. आधी पुतणीचं लग्न, मग रमजान, मग आंबा. त्यांनी धनेशला उशी कवटाळून गाडीतून उतरताना पाहिलं. मग लिफ्ट बंद असल्यामुळे तो दोन जिने स्वतःच्या पायांनी चढून गेला, तेही पाहिलं.

"कालच झालं ना?" त्यांनी रुचिताला विचारलं.

"काल दुपारी."

"अल्लाह," इसहाकभाई म्हणाले आणि बराच वेळ जिन्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. धनेश आतल्या खोलीत गुलाबी पाणी झिरपणाऱ्या पट्ट्यांखाली जुने टॉवेल घालून बसलेला, आणि बाहेर दिवाणखान्यात त्याच्या हृदयावर चर्चा. तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी लसणाच्या तीन पाकळ्या पाठवायचे. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी दुधीचा रस पाठवला. कार्यालयातल्या मंडळींनी पालीला बल्लाळेश्वराला अभिषेक केला आणि प्रसाद आणला. त्यातला लाडू साजूक तुपातला होता, म्हणून तो धनेशला न देता दारातल्या दारात आपसांत वाटून खाल्ला.

"अगं, सांग ना त्यांना," धनेश आतून कुजबुजला.

"काय सांगू?" रुचिता म्हणाली. "शरीर तुमचं, तुम्ही सांगा. मी खोटं बोलणार नाही, आणि तुमच्या वतीनं खरंही बोलणार नाही."

हा नियम तिने शेवटपर्यंत पाळला. जॅकेट दोन होती, एक अंगावर आणि एक दोरीवर. कातडीच्या रंगाचं, पुढे हुकांची रांग असलेलं ते प्रकरण गॅलरीत वाळत पडलेलं पाहून समोरच्या काकूंनी विचारलं, "रुचिता, नवीन ब्लाउज का गं?"

"नाही, ह्यांचं आहे," रुचिता म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.

काकू तशाच आत गेल्या. संध्याकाळपर्यंत सोसायटीत पक्कं झालं, की हृदय जागेवर राहावं म्हणून हल्ली असं जॅकेट देतात.

चौथ्या दिवशी पेणजवळच्या गावाहून धनेशची आई आली. ठमाबाई सत्तरीच्या, एका हातात पापडांचा डबा, दुसऱ्या हातात सुक्या कोलंबीची पिशवी, आणि चेहरा असा, की सून सामोरी आली तरी तिला बाजूला सारून त्या थेट आत. धनेश तेव्हा जॅकेट बदलत होता. लपवायला फाईल नव्हती.

ठमाबाईंनी त्याची जांभळी-हिरवी छाती बघितली. मधोमध टाका नव्हता. दोन्ही बगलांपाशी बारीक छिद्रं होती.

"काल्जाचा कापला न्हाय ह्यो," त्या म्हणाल्या.

धनेशने सगळं सांगितलं. फोटो, अकरा चेहरे, नळी, गाठ. तेराव्या वर्षापासूनचं जे तिला कधी सांगितलं नव्हतं ते चाळिशी उलटल्यावर सांगताना त्याचा आवाज तेराव्या वर्षाचाच झाला. ठमाबाई पलंगावर टेकल्या.

"तुज्या बापाची छाती पन अशीच व्हती," त्या म्हणाल्या. "मिठागरावर जलमभर उघडा वावरला. कोनी काय बोलला न्हाय."

"बोलले असतील, आई. त्यांनी ऐकलं नसेल."

"व्हय, बोलला बी असंल कोनी." त्यांनी थोडा विचार केला. "त्याला मीठ काराचा व्हता. तुला फायली धराच्या व्हत्या. तुज्या जीवाला लागला, तं लागला. दुखतंय काय?"

"दुखतंय."

"मंग गप बस आन खा."

त्या दिवसापासून बाहेरचा मोर्चा ठमाबाईंनी सांभाळला. कोणी विचारलं, की त्या गंभीरपणे सांगायच्या, "छातीतला सगला वाईट काढला. नली घालून." यातही एकही शब्द खोटा नव्हता. शब्द तोलायची ही कला घराण्यातली आहे, हे धनेशला तेव्हा कळलं.

रजा संपायला आली तशी कार्यालयाची बाजू अवघड होत गेली. कमळ मॅडमनी निरोप पाठवला, की हृदयाच्या पेशंटला हजर करून घ्यायचं तर ईसीजी जोडावा लागेल. धनेशने निमूटपणे जाऊन ईसीजी काढला. तो अर्थातच विशीतल्या पोरासारखा आला. मॅडमनी तो पट्टा सगळ्या टेबलांवर फिरवला. "तीन आठवड्यांत नॉर्मल. याला म्हणतात इच्छाशक्ती." मग वैद्यकीय बिलाचा फॉर्म त्यांनी स्वतःच्या हाताने भरून आणला, फक्त सही बाकी ठेवून. धनेश म्हणाला, मला बिल मागायचं नाही. खरं तर असल्या हौसेच्या शस्त्रक्रियेचं बिल मागताच येत नव्हतं. पण कार्यालयाच्या इतिहासात मिळणारं बिल नाकारणारा हा पहिला माणूस निघाला. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. त्याला तळमजल्यावरचं, खिडकीजवळचं टेबल मिळालं. दालनात तो शिरला, की लोक आवाज बारीक करत. तीस वर्षं ज्या छातीकडे कोणी बघू नये म्हणून तो धडपडला, त्या छातीकडे आता सगळं कार्यालय आदराने बघत होतं.

त्याला हे गोड लागत नव्हतं असं नाही. पण जॅकेटखाली घाम आला, की तो आदरही चिकटल्यासारखा वाटायचा.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी इसहाकभाईंची बायको खतिजाभाभी वर आली. ती दारातच रडवेली झाली होती.

"धनेशभाई, यांनी परत तारीख घालवली असती. पण तुम्हाला बघितलं तेव्हापासून रोज म्हणतात, मोकलसाहेब दुसऱ्या दिवशी जिना चढले. काल पहिल्यांदा म्हणाले, करून घेतो. फक्त म्हणतात, आधी मोकलसाहेबांचा टाका बघणार. संध्याकाळी घेऊन येऊ?"

धनेशने रुचिताकडे पाहिलं. रुचिता तिच्या नियमाप्रमाणे काहीच बोलली नाही. आणि ठमाबाई नेमक्या सकाळच्या गाडीने गावी गेल्या होत्या.

"घेऊन या," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्याने घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की डॉक्टर प्रणालींना समाधान वाटलं असतं. खरं सांगावं, तर इसहाकभाई परत मागे फिरणार आणि त्यांच्या तीन नळ्या, ज्या खरोखरच बंद होत्या, तशाच राहणार. खोटं सांगावं, तर टाका दाखवणार कुठून? पूर्वी तो अशा वेळी वेगळा शब्द शोधायचा. आता एकही सापडत नव्हता.

इसहाकभाई खजुराचा डबा घेऊन आले. खुर्चीवर बसले, हातातला रुमाल दोनदा घडी केला, दोनदा उलगडला.

"साहेब, मला माणसाचं बोलणं पुरत नाही," ते म्हणाले. "मी कंटेनर पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय उचलला नाही कधी. जरा दाखवा."

धनेश उठला. शर्टाची बटणं काढली. मग जॅकेटचे हुक, वरून खाली, एक एक. आईला त्या दिवशी नाइलाजाने दिसलं ते सोडलं आणि डॉक्टर सोडले, तर स्वतःहून कोणासमोर छाती उघडी करायची ही त्याची तीस वर्षांतली पहिली वेळ. खतिजाभाभीने नजर खाली घातली. रुचिता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली होती आणि ती खिडकीबाहेर बघत नव्हती.

इसहाकभाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"टाका कुठाय?"

"नाही, इसहाकभाई. माझ्या हृदयाला कोणी हातसुद्धा लावला नाही. मला लाज वाटायची म्हणून छातीची चरबी काढून घेतली. लायपोसक्शन म्हणतात. लोकांनी हार्ट समजलं आणि मी गप्प बसलो. तुम्हालाही इतके दिवस फसवलं."

खतिजाभाभीच्या चेहऱ्यावरून धनेशला कळलं, की तिचा सगळा आधार त्याने या क्षणी काढून घेतला आहे. इसहाकभाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"पूर्ण भूल दिली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे पूर्ण बेहोश?"

"पूर्ण."

"मग ते सांगा," इसहाकभाई खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "कापायचं मला काय? कापू देत. पण तीस वर्षं माझ्या केबिनमध्ये मी दुसऱ्याला हात लावू दिला नाही. आणि आता मी झोपायचं आणि चार अनोळखी माणसं माझी दोरी धरणार? उठलोच नाही तर? बायकोला बोललो तर ती रडते. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही चाचा. काही होत नाही कसं?"

धनेश शर्ट घालायचाही विसरला. तसाच समोर बसून तो सांगत गेला. टेबल थंड होतं. हाताला सुई टोचली. भूल देणाऱ्या बाईने गाव विचारलं. मी पेणजवळचं म्हटलं, तर म्हणाली, पापड आणाल ना? मला मनात आलं, एका शर्टासाठी मी जीव पणाला लावतोय, उठून पळावं. तेवढ्यात हातातून गार काहीतरी वर चढलं.

"मग?"

"मग काही नाही. पुढची गोष्ट म्हणजे कोणीतरी नाव घेऊन हाक मारत होतं. मध्ये काय झालं ते मला आजही माहीत नाही. झोपेत वेळ गेल्यासारखा वाटतो, तेवढाही वाटला नाही. घसा दुखत होता. थंडी वाजली. उलटी झाली एक. पण भाई, ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती होती, ती भोगायला मी तिथं नव्हतोच."

इसहाकभाईंनी हे ऐकून घेतलं. मग पुन्हा विचारलं, गार नेमकं कुठपर्यंत चढतं? हाक कोणी मारली, बाईने की पुरुषाने? शुद्धीवर आल्यावर हात हलवता येतात का? धनेशने आठवून आठवून उत्तरं दिली, आणि जे आठवेना तिथे आठवत नाही म्हणाला. तासाभराने इसहाकभाई उठले.

"बुधवारची तारीख आहे. तुम्ही येणार," ते म्हणाले. दारात वळून त्यांनी धनेशच्या हिरव्या-पिवळ्या छातीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "चांगलं काम केलंय डॉक्टरनं. सरळ आहे."

दुसऱ्या दिवशी धनेशने कमळ मॅडमच्या टेबलावर दुरुस्तीचा अर्ज ठेवला. या वेळी तपशिलासकट. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"पहिला अर्ज शेरा मारून वर गेलाय, मोकल. दुरुस्ती करायची तर आधी मूळ कागद परत मागवावा लागेल, आणि तो कशासाठी मागवतोय ते लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि चुकीचं काय लिहिलंय तुम्ही? छातीच आहे ना?" त्यांनी दुरुस्तीचा अर्ज घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मग दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "त्या डॉक्टरांचा नंबर द्या. माझा धाकटा भाऊ पन्नाशीला आला, विसर्जनाला सगळे पाण्यात उतरतात, हा काठावर चपला सांभाळत बसतो. आम्हाला वाटायचं, त्याला पाण्याची भीती आहे." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्या फोटोखाली एक हसरा चेहरा माझाही होता, मोकल."

"माहीत आहे, मॅडम," धनेश म्हणाला आणि नंबर लिहून दिला.

बुधवारी तो इसहाकभाईंबरोबर मुंबईला गेला. आत नेताना इसहाकभाईंनी खतिजाभाभीचा हात सोडला तो धनेशच्या हातात दिल्यासारखा करून, आणि छताकडे बघत म्हणाले, "गार वर चढतं. मग हाक येते." धनेशने मान हलवली. पुढचे साडेपाच तास त्याने आणि खतिजाभाभीने एकाच बाकावर काढले. ती तसबीहचे मणी ओढत होती आणि तो ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा तोच तो बोर्ड वाचत होता. स्वतःच्या वेळी तो या वाट बघण्यातून सुटला होता. ते रुचिताच्या वाट्याला गेलं होतं, आणि तिने त्याबद्दल आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. त्याने बाकावरूनच तिला फोन लावला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून जेवलीस का विचारलं.

तिसऱ्या दिवशी इसहाकभाईंना साध्या वॉर्डात आणलं. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, पण डोळे क्रेनवाल्याचे. आल्या आल्या ते खरखरत्या आवाजात म्हणाले, "बाई होती. हाक मारणारी."

नर्स त्यांना पहिल्यांदा उठवून बसवायला आली. वॉर्डात आठ खाटा, आठही पेशंट हृदयाचे, भोवती नातेवाईक. धनेश वाकला तेव्हा शर्टाच्या गळ्यातून जॅकेटची कड दिसली. नर्सने ती बघितली.

"तुमचंही झालंय का ऑपरेशन? बायपास?"

वॉर्डातल्या माना वळल्या. समोरच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ आपला माणूस भेटल्यासारखे उशीवरून किंचित वर झाले.

"नाही," धनेश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझं छातीचं लायपोसक्शन झालंय. चरबी काढायचं."

"किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

"मग वजन उचलायला हरकत नाही," नर्स म्हणाली. "असे या बाजूला. त्यांचे हात ओढायचे नाहीत, पाठीखाली हात घाला. मी तीन म्हणाले, की उचलायचं."

म्हातारे गृहस्थ परत उशीवर टेकले. कोणी हसलं नाही, कोणी काही विचारलंही नाही. धनेशने इसहाकभाईंच्या रुंद पाठीखाली हात घातला, स्वतःची छाती त्यांच्या खांद्याला भिडवली आणि नर्सच्या तीनची वाट बघू लागला.